घरात माणसं किती

उदगीरच्या वधूवर मेळाव्याचा ऑनलाइन फॉर्म बनवायचं काम सुकन्याकडं आलं होतं. भर दुपारी ती टेबलाशी बसून प्रश्न वरखाली सरकवत होती. शिक्षणाला पर्याय, गावाला यादी, घरातल्या माणसांना नुसता आकडा. लिंक अजून कुणालाच पाठवली नव्हती.

तपासायला म्हणून तिनं स्वतःचीच माहिती भरली. ‘घरात माणसं किती?’ यापुढं दोन लिहिलं. आई आणि ती. पुढच्या प्रश्नाकडं वळेपर्यंत दोनाचे तीन झाले होते.

तिनं खोडलं. पुन्हा तीन.

मग तिनं प्रश्नाचा प्रकारच बदलला. एक आणि दोन, एवढेच पर्याय ठेवले. उघडून पाहिलं, तर दोनच्या खाली तीन होता आणि त्यावर खूण केलेली होती.

सुकन्याला भीतीही वाटली नाही. हल्ली तिला कशाचंच काही वाटत नसे.

“अव्वा, आपल्या घरात माणसं किती गं?”

दारात ज्वारी निवडत बसलेल्या आईनं मान वर केली. आधी लेकीकडं पाहिलं, मग लेकीच्या खांद्यामागं.

“तीनच ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “कवाचा उभा हाय त्यो.”

सुकन्या वळली नाही. मागं जागा व्हावी म्हणून तिनं खुर्ची तेवढी पुढं ओढली.