गोदूबाईंचं वाढप

अंबाडी नाक्यावर गोदूबाईंची खानावळ होती. वज्रेश्वरीच्या कुंडात आंघोळ करून परतणारी मुंबईची माणसं दुपारी तिथे हमखास जेवायला थांबत. स्वयंपाक गोदूबाई करायच्या आणि वाढायच्याही त्याच. ताटात काय संपलं, हे माणसानं मान वर करायच्या आत त्यांना कळे. वीस वर्षांत त्यांनी कुणाला काही मागायला लावलं नव्हतं.

अठ्ठ्याऐंशी सालच्या मार्चमधल्या एका रविवारी त्या गरम भाकरी घेऊन पहिल्या टेबलाशी गेल्या. तिथल्या बाईंनी हसत ताटावर हात आडवा धरला.

"अहो, आत्ताच तर वाढलीत!"

ताटात खरंच वाफाळती भाकरी होती.

दुसऱ्या टेबलावरही तेच. नवऱ्यानं वाढली असेल, असं वाटून त्या परसात गेल्या. तुळशीराम विहिरीवर हंडे भरत होता.

"मी कशाला वाढू? मगाधरनं तूच वाढतेस न्हाय का?" तो म्हणाला.

"माझ्या खानावळीत दुसरं कोण वाढतंय, बघतेच मी!"

पदर खोचून त्या स्वयंपाकघरात आल्या. भाताचं पातेलं उचलताना झाकण खणकन खाली पडलं.

तेवढ्यात बाहेर टेबलांपाशी कुणीतरी विचारलं, "भात वाढू ना, ताई?" आवाज गोदूबाईंचाच होता.

"वाढा. पण आत काय पडलं हो? कोण आहे आत?"

"आत?" त्यांचाच आवाज मोकळेपणी हसला. "आत कोण न्हाय."