ड्रॉइंग रूमचा किस्सा

प्राध्यापकांनी घसा खाकरला तेव्हाच त्यांच्या बायकोला कळलं, आता ड्रॉइंग रूमचा किस्सा येणार.

चौतीस वर्षं ती तो ऐकत होती. किस्सा असा: तेव्हा लग्नाला जेमतेम आठवडा झाला होता. प्राध्यापक कॉलेजातल्या मित्रांना घरी घेऊन आले, तर बाहेरच्या खोलीत नवी नवरी चित्राचा स्टँड मांडून बसलेली, बोटं रंगाने माखलेली. इंग्रजी शिकवणाऱ्याची बायको, आणि तिला वाटलं, ड्रॉइंग रूम म्हणजे ड्रॉइंग काढायची खोली. इथे ते थांबत. लोक हसत. मग ते शब्दाचं मूळ सांगत. मूळ शब्द विथड्रॉइंग रूम. विथड्रॉ म्हणजे बाजूला होणं. तिकडे साहेबांच्या घरी जेवणं उरकली की पुरुष टेबलाशी पीत बसायचे आणि बायका उठून त्या खोलीत जायच्या. पुढे बोलता बोलता 'विथ' गळून पडला. लोक पुन्हा हसत.

त्या पहिल्या दिवशी तीही हसली होती. पाहुण्यांसमोर दुसरं काय करणार? संध्याकाळी स्टँड माळ्यावर गेला, तो गेलाच.

आज डिपार्टमेंटची माणसं आली होती. सगळे हसले. नुकतीच रुजू झालेली एक प्राध्यापिका तेवढी हसली नाही. तिने मान वळवून विचारलं, "काकू, तुम्हाला खरंच तसं वाटलं होतं?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने हातातला ट्रे खाली ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "शब्द मला ठाऊक होता. पण या घरात उजेड फक्त ह्याच खोलीत येतो."

कुणीतरी घाईघाईने बिस्किटांची तारीफ केली. प्राध्यापक कपात बघत राहिले.

पाहुणे गेल्यावर त्यांनी कप गोळा करून स्वतः मोरीत नेऊन ठेवले. असं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गुडघे सांभाळत स्टुलावर चढले, माळ्यावरून स्टँड काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि खिडकीशी नेऊन उभा केला. "इथेच होता ना?" त्यांनी विचारलं. ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

जुन्या रंगांचे दगड झाले होते. ती बाजारात जाऊन नवे घेऊन आली. रोज दहा ते बारा ती खिडकीशी बसू लागली. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांचं चित्र काढायला घेतलं. रेघ वाकडी जाई, आभाळ चिखलासारखं होई, पण ती उठत नसे. प्राध्यापक चपला न वाजवता मागून ये-जा करत.

शनिवारी प्राध्यापकांचं पुस्तक काढणाऱ्या प्रकाशनाची मंडळी येणार होती. ती स्टँड आवरायला लागली, तर ते म्हणाले, राहू दे, तिथेच असू दे. तिने दुपारी लेकीला फोन केला. तुझे बाबा या वयात बदलले गं, म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर उगाचच पडदे झटकले.

मंडळी आली. ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा प्राध्यापक उठून खिडकीशी उभे होते. एक हात स्टँडवर. किस्सा रंगात आला होता. माखलेली बोटं झाली, विथड्रॉइंग झालं, हशा झाला. मग आवाज खाली आणून त्यांनी त्या नव्या प्राध्यापिकेचा प्रश्न सांगितला आणि ते थांबले. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले.

"आता पुढचं तू सांग," ते कौतुकाने म्हणाले. "तुझ्या तोंडून जास्त मजा येते."