पाळण्याची कडी

सोडचिठ्ठीनंतर मी शिरूरमध्ये एक पडीक घर घेतलं. घरातलं सगळं लोखंड गंजलेलं होतं. फक्त तुळईतली पाळण्याची कडी आतून चकचकीत होती, जणू तिच्यात रोज दोरी घासत असावी.

तिला मी काळा ऑइलपेंट मारला. आठवड्यात आतला रंग निघून गेला.

माझी गौतमी सहा वर्षांची. कोर्टाच्या दिवसांपासून ती झोपेत किंचाळायची. इथं मात्र त्या कडीखाली गाढ झोपायला लागली.

तरी मी कडी कापायला वेल्डर ज्ञानदेवमामांना बोलावलं. ते दुपारी स्टुलावर चढले.

"ताई, पाळणा काढला कवा?"

"बांधलाच नाही, मामा. एवढी मोठी पोरगी."

गौतमी शेजारी सतरंजीवर झोपली होती. लोडशेडिंगमुळे पंखा बंद होता आणि उन्हामुळे खिडक्या लावलेल्या. तरी तिचे केस संथपणे मागं जात होते, पुढं येत होते.

मामांनी कडीला करवतीचं पातं टेकवलं. केस थांबले. किंचाळायच्या आधी उघडतं तसं गौतमीचं तोंड उघडलं.

"राहू द्या," मी कुजबुजले. "उतरा."

मामा उतरले. केस पुन्हा हलू लागले.

आम्ही पाय न वाजवता बाहेर आलो. तिची झोप मोडू नये म्हणून दार मीच ओढून घेतलं.