पहिल्या रांगेतली आजी

नाट्यगृहाच्या पन्नाशीनिमित्त जुनं नाटक त्याच नटाने, आता सत्तरीत, पुन्हा उभं केलं होतं. मी नारायण पेठेतून चालत येणारा, स्वतःला जाणकार समजणारा प्रेक्षक. शेजारच्या आजी त्याचं प्रत्येक वाक्य त्याच्या आधीच पुटपुटत होत्या.

"अहो आजी, पाठ असेल तर घरी म्हणा. तिकीट आम्ही त्यांना ऐकायला काढलंय."

"चुकलं हो," म्हणत त्यांनी तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या अंकात नट मध्येच अडला. बराच वेळ आमच्या रांगेकडे बघत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "सुनीतीताई, तीस वर्षं विंगेतून वाक्यं दिलीत. आज रांगेतून देणार नाही?"

मी मान खाली घातली. आजी पदराआडूनच मला म्हणाल्या,

"बोलू का?"