पाच लिटरचा कॅन

केतकीने गळ्यातली शिट्टी फुंकली, तसे मागून धापा टाकत येणारे अकरा जण थांबले. कॉलेजचं हे अख्खं सेमिस्टर डोंगरातच होतं. रोज एकाच्या गळ्यात शिट्टी पडायची आणि त्या दिवशी वाट त्यानेच काढायची. फडतरे सर सगळ्यांत मागे चालायचे आणि जिवावर बेतल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत.

"मी चुकले," केतकी म्हणाली. "खालच्या फाट्यावर डोंगराची डावी सोंड धरायला हवी होती. परत उतरायचं."

"दोन तास चढवून आता सांगतेस?" ओजस भडकला. "पाणी संपत आलंय माझं!"

"म्हणूनच आता सांगतेय." तिचे कान तापले होते, पण तिने मान खाली घातली नाही. ओजसच्या सॅकला बांधलेलं मोठं पातेलं तिने सोडवून आपल्या पाठीवर घेतलं आणि ती उतरायला लागली.

अर्ध्या उतारावर सगळ्यांच्याच बाटल्या कोरड्या पडल्या. तेव्हा सरांनी सॅकमधून पाच लिटरचा भरलेला कॅन काढला.

"हा कधी भरलात, सर?"

"फाट्यावरच्या झऱ्यात. तू उजवीकडे वळलीस तेव्हा. या सोंडेवर पाणी नाही."

दुसऱ्या दिवशी शिट्टी ओजसकडे होती. केतकीने सरांचा कॅन मागून घेतला आणि ती शेवटी चालू लागली. पहिल्याच ओढ्यापाशी ओजस तावातावाने भलत्याच वाटेला लागला. केतकीने नकाशा पाहिला, ओठ घट्ट मिटले आणि कॅन ओढ्यात बुडवला.