तिसऱ्यांदा एकच पट्टी

"पुन्हा कर," सर शर्वाणीला म्हणाले. सलग दुसऱ्यांदा.

तिच्या रसायनाने पेशीतल्या आरएनए रेणूची चुकीची कापाजोड करणारं प्रथिन अडवलं होतं. जेल-चाचणीच्या फोटोत एरवी दोन पट्ट्या यायच्या, एक चांगल्या आरएनएची, एक बिघडलेल्या. आता फक्त चांगली उरली होती. पण सरांच्या प्रयोगशाळेचा नियमच होता: तोच निकाल तीनदा आल्याशिवाय पेढे नाहीत.

चरफडत तिने सगळं पुन्हा केलं. शुक्रवारी तिसऱ्यांदाही एकच पट्टी आली. सरांनी फोटो नीट तपासला. मग त्यांनी कपाटातून पेढ्यांचं खोकं काढलं.

"घे. जरा कडक झालेत."

खोक्यावर गेल्या सोमवारची तारीख होती. त्याच दिवशी पहिल्यांदा एकच पट्टी आली होती आणि सर म्हणाले होते, "काहीतरी चुकलं असेल तुझं."