ईस्टरचा रिबाउंड

"काल त्या पोरानं तुझ्या हातातला चेंडू काढून घेतला, आणि वर तूच त्याला हात देऊन उठवलंस?" सूप संपायच्या आत रादिसावनं विषय काढलाच.

"तो पडला होता, काका," वुकान म्हणाला.

वुकान म्हणजे चाचाक गावच्या बास्केटबॉल संघाचा सेंटर. सात फुटांचा देह त्या खुर्चीत कसाबसा मावला होता, आणि गुडघ्यांनी टेबल उचललं जाऊ नये म्हणून बिचारा तिरका बसला होता. तियाना त्याला पहिल्यांदाच घरी जेवायला घेऊन आली होती. कशासाठी, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तियाना जन्मली त्या दिवशी रादिसावनं मागच्या बागेत, आलुबुखाराच्या झाडाखाली रकियाचं पिंप पुरलं होतं. ती दारू आता तिच्या लग्नालाच वर यायची. मात्र कुदळ मारायची बापानं, आणि बापाला हा जावई मऊ वाटत होता.

रादिसाव स्वतः त्याच संघाचा जुना सेंटर. बास्केटखाली रिबाउंड, म्हणजे कडीवरून परत उसळलेला चेंडू, हिसकावताना तीनदा नाक मोडून घेतलेला, आणि ते वाकडं नाक पदकासारखं मिरवणारा.

"प्लेऑफ आहे हा! इथं रिबाउंड मागून मिळत नाही, ओरबाडून घ्यावा लागतो. नाव लांडग्याचं ठेवलंय आईबापांनी, आणि काळीज कोकराचं!"

"बाबा, काल सगळ्यात जास्त रिबाउंड त्याचेच होते," तियाना म्हणाली.

"ते त्याच्या हातात पडले. पिकलेलं फळ काय, शेंबड्या पोराच्याही हातात पडतं. हिसकावलेला एक दाखव मला."

"तू हिसकावून काय मिळवलंस?" स्लावका, त्याची बायको, भाजलेल्या कोकराचं ताट घेऊन आली. "निम्मी मॅच फाऊल खाऊन बाकावर बसायचास."

"बसायचो! पण आधी समोरच्याला आडवा करून मग बसायचो."

तियानानं टेबलाखालून वुकानला लाथ मारली. बोल की काहीतरी! वुकाननं घास गिळला. "कोकरू फार छान झालंय, काकू."

"बघा," रादिसाव म्हणाला, "भाऊबंदांनाच खातोय."

तियानाच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. तेवढ्यात स्लावकानं घाईघाईनं कांद्याच्या सालीत रंगवलेल्या लाल अंड्यांची टोपली मध्ये ठेवली. ईस्टरला अंड्यावर अंडं आपटायचं. ज्याचं फुटेल तो हरला. या घरात कित्येक वर्षं रादिसावच जिंकत आला होता, कारण त्याचं अंडं टोपलीतलं नसायचंच. ते त्याच्या कोटाच्या खिशातून यायचं आणि ते लाकडाचं होतं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत आहे, हे फक्त रादिसावला माहीत नव्हतं.

"ख्रिस्त उठला!"

"खरोखर उठला!"

टक. स्लावकाचं फुटलं. टक. तियानाचं फुटलं.

"आता आमचे पैलवान," रादिसाव म्हणाला. "सांभाळून हं, लागेल."

टक. वुकानच्या अंड्याचा पार भुगा झाला आणि पिवळा बलक बोटांना लागला. रादिसाव जो हसत सुटला, त्यानं दोन्ही हात वर फेकले, आणि कोकराच्या चरबीनं बुळबुळीत झालेल्या बोटांतून त्याचं लाल अंडं निसटलं. मीठदाणीवर आदळलं, टेबलाच्या कडेवरून उडालं.

रादिसावनं झेप घेतली. जमिनीवर पडून ते न फुटतं, तर त्याची अब्रूच फुटली असती. पण झेप त्याच्या एकट्याची नव्हती. टेबल हललं, कोशिंबिरीचं भांडं पालथं झालं, खुर्ची उलटली, कुणाचं तरी कोपर कुणाच्या तरी तोंडावर बसलं. दोघे उठून उभे राहिले तेव्हा अंडं वुकानच्या मुठीत होतं आणि रादिसावच्या नाकातून रक्त येत होतं.

वुकाननं अंडं हातात तोललं. नखानं वाजवून पाहिलं. मग तियानाकडे पाहिलं. तियाना छताकडे बघत होती. स्लावकानं पदराआड तोंड लपवावं तसं हातातल्या फडक्यात तोंड लपवलं होतं.

वुकाननं फक्त मूठ मिटली.

"दे इकडे," रादिसाव म्हणाला.

"नाही, काका."

"माझं आहे ते!"

"होतं. हातातून सुटल्यावर कुणाचंच नव्हतं."

रादिसावनं ती मूठ दोन्ही हातांनी धरली. पिरगळली. टेबलाच्या पायाला पाय लावून ओढली, जुन्या दिवसांत ओढायचा तशी, दात-ओठ खाऊन. मूठ तसूभर हलली नाही. वुकाननं दुसऱ्या हातानं नॅपकिन घेतला आणि हळूच म्हाताऱ्याच्या नाकाला लावला.

"सॉरी, काका. फार लागलं का? मान वर नका करू, थोडं पुढे वाका."

"आधी अंडं सोड!"

"अंडं नाही. तुम्ही पुढे वाका."

रादिसाव वाकला. वाकल्या वाकल्या आणखी एकदा मूठ ओढून पाहिली. मग त्याचे खांदे हलायला लागले. स्लावका घाबरून जवळ आली, तर हा नॅपकिनमध्ये तोंड खुपसून खदाखदा हसत होता. इतका आनंद त्याला कप जिंकल्यावरही झाला नव्हता.

"चौथ्यांदा मोडलं गं, स्लावका! चौथ्यांदा!"

त्यानं बाही नाकावरून फिरवली आणि लेकीला हाक मारली.

"तियाना, कोठीतली कुदळ आण. आणि याच्या हातात देऊ नकोस, परत मिळायची नाही."